लेकीनं सोडलेली कुस्ती

माझ्या मुलीनं कुस्ती सोडली त्याला चार वर्षं झाली. मी मात्र अजून बघते. जगात कुठं ना कुठं स्पर्धा चालू असते आणि ती चालू आहे हे आमच्या गावात एकट्या मलाच ठाऊक असतं, असं मी समजत होते.

मी अंगणवाडी सेविका आहे. युसूफ वडगावपासून आमचं गाव जवळ. मुलगी आठवीत असताना तिच्या शाळेतले खेळाचे सर घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या पोरीच्या पायात लई जोर हाय. कुस्तीला घालू का?" आमचे हे ऊसतोडीच्या टोळीवर ट्रॅक्टर चालवतात. दिवाळीनंतर पाच-सहा महिने घरी नसतात. फोनवर विचारलं तर म्हणाले, "तुला जमंल तसं कर." मी हो म्हटलं. कुस्ती कशाशी खातात ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

मला ठाऊक होती ती जत्रेतली कुस्ती. पाठ लागली की संपली. मॅटवरचं प्रकरण वेगळं निघालं. पहिल्या तालुक्याच्या स्पर्धेत पोरगी जिंकली की हरली हे मला पंचांनी हात वर केल्यावर कळलं. मला लाज वाटली. घरी आल्यावर मी फोनवर परदेशातल्या स्पर्धा लावून बघायला लागले. बोलणारा परक्या भाषेत बोलायचा, पण कोपऱ्यातले आकडे दिसायचे. पाय धरून खाली पाडलं की दोन. मागून कंबर धरून लोळवलं की दोन, त्याला आपल्याकडं भारंदाज म्हणतात. वर्तुळाच्या बाहेर गेलं की समोरच्याला एक. दहाचं अंतर पडलं की कुस्ती तिथंच बंद. एका जुन्या वहीत मी हे सगळं उतरवून काढलं. जपानच्या मुली पायात कशा शिरतात ते मी मुलीला दाखवायचे आणि ती हसायची. "आई, तू सरांपेक्षा जास्त बघायलीस."

त्या वर्षांत माझे दिवस मोठे विचित्र गेले. सकाळी अंगणवाडीत लेकरांना काट्यावर उभं करायचं. कुणाचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं तर त्याच्या आईइतकाच मला आनंद. आणि घरी आले की माझी स्वतःची पोर दोन स्वेटर घालून उन्हात पळत असायची, कारण तिला त्रेपन्न किलोच्या गटात बसायचं असायचं. वजनाच्या आदल्या दिवशी ती पाणीसुद्धा चूळ भरून थुंकायची. मी भाकरी करायचे आणि तिच्या समोर जेवायला नको म्हणून चुलीपाशी तोंड फिरवून खायचे.

राज्याच्या स्पर्धेत तिची गाठ कोल्हापूरकडच्या एका मुलीशी पडली. त्या मुलीबरोबर आई, वडील, मामा आणि दुधाची किटली. आम्ही दोघी एसटीनं आलेल्या, पिशवीत धपाटे. पहिल्या फेरीत माझी मुलगी मागं होती. दुसरीत तिनं त्या मुलीच्या कमरेला विळखा घातला आणि एकदा, दोनदा, तीनदा लोळवली. मी वरच्या पायरीवर उभी राहून इतकी ओरडले की आठवडाभर अंगणवाडीत लेकरांना गाणं म्हणून दाखवता येईना. कुस्ती झाल्यावर ती कोल्हापूरची मुलगी रडत रडत आली आणि माझ्या मुलीच्या गळ्यात पडली. मला वाटलं होतं, तोंड फिरवून जाईल.

पुढच्या वर्षी निवड चाचणीत मुलीचा गुडघा गेला. समोरचीनं पाय ओढला, हिनं वळायला बघितलं, आणि पाय मॅटवर तसाच रुतून राहिला. मी लांब होते, तरी तिचा आवाज मला ऐकू आला. लातूरला ऑपरेशन झालं. वर्षभर व्यायाम केला. परत मॅटवर गेली तर दुसऱ्याच महिन्यात गुडघा पुन्हा सुजला. एका रविवारी तिनं कुस्तीचे बूट तालमीतल्या एका मुलीला देऊन टाकले, भिंतीवरचे फोटो काढून पेटीत घातले आणि मला म्हणाली, "आई, आता मला ह्यातलं काही सांगू नको." रडली नाही. मी म्हटलं, बरं.

आता ती केजला एका औषधाच्या दुकानात काम करते. सकाळी जीपनं जाते, संध्याकाळी येते. पायऱ्या उतरताना एका पायावर भार देते, ते फक्त मला दिसतं.

मी मात्र बघत राहिले. तिच्यासमोर नाही. ती कामावर गेल्यावर, रजिस्टरं भरून झाल्यावर, एका कानात वायर घालून. का बघते ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं शिकलेलं टाकवत नव्हतं, हे एक. आपलं कुणी जिंकलं की जरा बरं वाटतं, हे दुसरं. पण खरं सांगते, त्यात आनंद थोडा आणि वाट बघणं फार. आपली, म्हणजे भारताची, मुलगी पहिल्याच फेरीत हरते. मग जिनं तिला हरवलं ती फायनलला गेली पाहिजे, तरच आपल्या मुलीला ब्राँझसाठी परत खेळता येतं. म्हणजे दुपारभर बसून, जिच्यावर आपला राग, तिनंच जिंकावं म्हणून हात जोडायचे. मग ती हरते. मग फोन ठेवून उठायचं आणि ज्वारी निवडायला घ्यायची. मदतनीस बाई मला म्हणायच्या, "ताई, इतकं बघून तुमाला काय मिळतंय?" थकवा मिळतो.

मागच्या वर्षी आशिया पातळीवरच्या एका स्पर्धेच्या यादीत मला ते नाव दिसलं. त्रेपन्न किलो. कोल्हापूरकडची तीच मुलगी, आता भारताच्या संघात. मी यादी तीनदा वाचली. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की ही हरावी.

हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. त्या लेकरानं माझं काय वाईट केलं होतं? पण तो विचार आला आणि गेला नाही. दळणाला गेले तरी तो बरोबर. माझ्या मुलीनं जिला तीनदा लोळवली ती निळा ड्रेस घालून परदेशात उभी राहणार, आणि माझी मुलगी केजला खोकल्याच्या बाटल्या मोजणार.

स्पर्धा होती रविवारी. त्याच रविवारी दिंद्रुडकडचे पाहुणे मुलीला बघायला येणार होते. तारीख बदला म्हणायला मला तोंड नव्हतं. काय सांगू, की माझी कुस्ती आहे?

पाहुणे अकराला आले. मुलाची आई, मामी आणि मामा. आमचे हे तेव्हा घरी होते, ते बाहेरच्या खोलीत त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत बसले. मी आत चहा ठेवला आणि फोन तेलाच्या डब्याला टेकवून लावला. मुलगी साडी नेसून आली, केस कानावरून घेतलेले. तिचा डावा कान कुस्तीत मुरगळून कोबीच्या गड्ड्यासारखा झालाय. आमच्यात सगळ्यांना सवय आहे, पण पाहुण्यांपुढं ती केस असेच घेते. मी घाईनं फोन पालथा घातला. ती ट्रे उचलून बाहेर गेली.

मी पण मागं गेले. मुलाच्या आईनं चहा घेतला, शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मग ट्रे खाली ठेवताना मुलीचे केस सरकले.

"कानाला काय झालंय गं?"

"कुस्तीत झालंय," मुलगी म्हणाली.

"कुस्ती? तू खेळायलीस व्हय?"

"खेळत होते. राज्याला मेडल हाय."

मामी हळूच म्हणाल्या, "आता सोडली न्हवं?"

आमच्या ह्यांनी खाकरून सांगितलं, "सोडली सोडली. कवाच सोडली."

पाहुणे तासाभरानं गेले. "कळवतो," म्हणाले. मी स्वयंपाकघरात येऊन फोन सुलटा केला. तीन मॅटवर एकाच वेळी कुस्त्या चालू होत्या, मी लावलेल्या मॅटवर दोन अनोळखी मुली झोंबत होत्या. मागून मुलीचा आवाज आला.

"आई, ती सी मॅटवर हाय. तू ए बघायलीस."

मी वळले. ती दारात उभी होती, साडीचा पदर खोचलेला.

"तुला कसं माहीत?"

"लाव तर आधी."

मी सी मॅट लावली. आमची कुस्ती संपत आली होती. जपानच्या मुलीनं तिला दहा गुण घेऊन हरवलं, दोन मिनिटंही लागली नाहीत. मला हवं होतं ते झालं होतं. मी मुलीकडं बघितलं. ती फोनकडं बघत होती. "जपानची फायनलला जाणार," ती म्हणाली. "ब्राँझ हाय अजून."

जपानची फायनलला गेली. साडेपाचला ब्राँझची कुस्ती होती. आमचे हे शेताकडं गेलेले. आम्ही दोघी ओसरीवर बसलो, फोन माझ्या मांडीवर. समोरची मंगोलियाची, बुटकी आणि बळकट. आपलीनं दोनदा पाय धरून पाडलं, चार-दोन अशी पुढं होती. मिनिट राहिलं, अर्धं मिनिट राहिलं. चित्र मध्येच अडकायचं, परत चालायचं. मुलगी पुटपुटत होती, "मागं जाऊ नको. मागं जाऊ नको बे." आणि मी स्वतःला पकडलं, मी पण तेच म्हणत होते. केव्हापासून ते कळलं नाही.

शेवटच्या दहा सेकंदांत ती मागं गेली. मंगोलियाची आत शिरली आणि तिला खाली घेतलं. चार-चार. बरोबरी झाली की शेवटचा गुण जिचा ती जिंकते. आपल्या कोचनं दाद मागितली, पंचांनी व्हिडिओ बघून ती फेटाळली आणि नियमाप्रमाणे वर आणखी एक गुण दिला समोरचीला. पाच-चार. कोल्हापूरची मुलगी मॅटवर गुडघ्यावर बसून राहिली.

मला वाटलं होतं मनाला कुठंतरी थंड वाटेल. काही वाटलं नाही. पाठ दुखत होती तेवढीच जाणवली.

थोड्या वेळानं मुलीचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि उठून अंगणात गेली. मी उठून आत आले आणि तिथून ऐकत राहिले. पहिल्यांदा तिकडून रडण्याचाच आवाज येत असावा, कारण ही नुसती "हां, हां" करत होती. मग म्हणाली, "डावा पाय कावून टाकलास मागं? दहा सेकंद गळ्यात पडून राहायचं. तुला मागच्या टायमाला पण सांगितलं होतं." मग पुष्कळ वेळ दोघी बोलल्या. एकदा हसली. "भारंदाज मारला अस्ता तर," असं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा हसली.

ती आत आली तेव्हा मी ताट घासत होते.

"किती दिवसांपासून बोलतीस तिच्याशी?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे सोडल्यावर पण?"

"हां. ती प्रत्येक स्पर्धेला फोन करती. व्हिडिओ पाठवती. मी बघून सांगते."

तीन वर्षं मी कानात वायर घालून चोरासारखी बघत होते, का तर हिला दुखू नये. आणि ही तेवढीच वर्षं चोरून बघत होती. मला राग आला. तो आवरायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"माझ्याशी का नाही बोललीस मग? मी काय परकी होते?"

ती चुलीपाशी खाली बसली. दुखरा पाय लांब केला. "तुझ्याशी बोलले अस्ते तर तू वाट बघत बसली असतीस आई. म्हणली असतीस, आता परत खेळंल. तुझ्या तोंडाकडं बघून मला न्हाई म्हणता आलं नस्तं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. ती म्हणत होती ते खरं होतं. मी वाट बघतच होते. तिनं बूट देऊन टाकले त्या दिवसापासून, दर स्पर्धेला, दर यादीला. आकडे मी उगीच पाठ ठेवले नव्हते. कधीतरी तिला लागतील म्हणून ठेवले होते. हे मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

"आता न्हाई बघणार वाट," मी म्हटलं.

"बघशीलच," ती म्हणाली. पण रागानं नाही.

दिंद्रुडच्या पाहुण्यांचा निरोप आठ दिवसांनी आला. मुलगी पसंत आहे, पण कानाचं ऑपरेशन करून घेतलं तर बरं, असं मामांनी आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं. हे मला विचारायला आले. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कान माझा हाय. मला त्रास न्हाई त्याचा." ह्यांनी तिथंच फोन लावला आणि स्थळ नको म्हणून कळवून टाकलं.

कोल्हापूरची मुलगी पुढच्या निवड चाचणीत बाद झाली. आता तिच्या गटात हरियाणाची एक कोवळी पोर खेळते. आम्ही तिच्या कुस्त्या कधी एकत्र बघतो, कधी नाही. मुलगी दुकानातून दमून येते, दोन कुस्त्या बघते आणि तिसऱ्या कुस्तीला तिचे डोळे मिटतात. मी आवाज कमी करते. आपली हरलेली असते आणि तिला हरवणारीची कुस्ती अजून सातव्या नंबरवर असते. मी बसून राहते.