दोन तपकिरी कप

माझं कुलूप दुरुस्तीचं दुकान आणि वस्तीचं केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे. केंद्राच्या जागी पूर्वी कपडे धुऊन द्यायचं दुकान होतं, त्यामुळे हवा दमट झाली की भिंतीतून अजून साबणाचा वास येतो. निरनिराळ्या मुलखांतून इथे येऊन राहिलेल्या लोकांना एका खोलीत बसवून चहा पाजायचा, म्हणजे ते गुण्यागोविंदाने राहतील, असं त्या केंद्राचं धोरण होतं. ते ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो आमच्या जिन्यात एक आठवडाही राहिला नसणार, असं माझं स्पष्ट मत होतं.

मत बदललं ते मधलीताईमुळे. हे तिचं नाव नाही, पण सगळी वस्ती तिला त्याच नावाने हाक मारते. दोन माणसांना एकमेकांचं कळेनासं झालं की ही मध्ये जाऊन उभी राहते आणि याचं त्याला, त्याचं याला सांगते. बुटकी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात कायम किटली. केंद्राची किल्ली तिच्याकडे, झाडू तिच्याकडे आणि शिस्तही तिच्याकडेच. दवाखान्यात कुणाबरोबर जायचं असो की घरमालकाशी भांडायचं असो, लोक आधी तिचं दार वाजवतात.

सुरुवातीला शनिवारच्या चहाला माणसं यायची, पण आपापला कोपरा धरून बसायची. एका भाषेचे लोक खिडकीशी, दुसरे दाराशी, तिसरे हीटरपाशी. एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायचे आणि घरी जायचे. तिसऱ्या मजल्यावरचा बेकरीवाला आणि त्याच्या डोक्यावर राहणारा बसचा ड्रायव्हर यांच्यात तर विस्तव जात नव्हता. बेकरीवाला रात्रभर पाव भाजून दिवसा झोपायचा आणि ड्रायव्हरची पोरं नेमकी तेव्हा पलंगावरून उड्या मारायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी शिव्या बरोबर पोचायच्या.

मग एका शनिवारी ताईने रंगीत कप आणले. एका भाषेला एक रंग. आणि नियम केला की एका टेबलावर एका रंगाचे दोन कप दिसता कामा नयेत. झालं, एकच गिल्ला! "ही काय शाळा आहे?" असं पाच-सहा भाषांत विचारून झालं. ताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याच माणसांत बसायचं असेल तर घरी बसा. घरीही चहा मिळतो."

मी मनात म्हटलं, चार शनिवारांत खोली रिकामी होणार. पण नियम टिकला. एका टेबलावर बसायचं तर इथली भाषा मोडकीतोडकी का होईना बोलावी लागायची, आणि मोडकंतोडकं बोलणाऱ्याला भांडता येत नाही. बेकरीवाला आणि ड्रायव्हर समोरासमोर आले. दोघांचेही गुडघे दुखतात एवढं पहिल्या दिवशी कळलं. पुढे ड्रायव्हरने पलंगाभोवती जाड सतरंजी अंथरली आणि बेकरीवाल्याने त्याच्या पोरांना गरम पाव पाठवायला सुरुवात केली. आता तर कुणी चुकून आपल्या रंगाच्या माणसाशेजारी बसला की सगळी खोली टेबलं बडवते, "दोन हिरवे! दोन हिरवे!" असं ओरडते आणि त्याला खुर्चीसकट उचलून दुसरीकडे नेते. लोकांना या खेळाची चटकच लागली आहे. पहिल्या वेळी मलाही असं उचलून नेलं होतं. पाठीत उसण भरली ती वेगळीच.

ताईचा स्वतःचा कप तपकिरी होता, आणि तपकिरी कप तो एकच. तिच्या भाषेचं इथे दुसरं कुणीच नव्हतं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा बोलायला नवरा होता. तो गेला. मुलगा इथल्या शाळेत शिकला. आई तिच्या भाषेत काही म्हणाली की तो इथल्या भाषेत उत्तर द्यायचा, मग तीही तसंच बोलायला लागली. मुलगा चांगला आहे. दुसऱ्या शहरात असतो, रविवारी न चुकता फोन करतो, जेवलीस का म्हणून विचारतो. तेही इथल्याच भाषेत.

"तुम्ही एकट्या असताना बोलत नाही का तुमच्या भाषेत?" मी एकदा विचारलं होतं. शनिवारी सगळे गेले की मी तिला कप पुसू लागतो आणि उरलेल्या बिस्किटांचा फडशा पाडतो.

"बोलून बघितलं," ती म्हणाली. "पण भाषेला दोन माणसं लागतात हो. एकटीचे शब्द गळायला लागतात. परवा उशीला आमच्याकडे काय म्हणतात तेच आठवेना. अर्धी रात्र तळमळत काढली. उशी डोक्याखाली, आणि शब्द नाही."

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही.

अशात एका शनिवारी एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आल्या. म्हातारा उंच, हाडापेराने मोठा, हात नुसते खरबरीत. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्यांना आम्ही मिस्त्रीबाबा म्हणायला लागलो. केंद्राचं दार खाली घासतं, ते अडकलं तशी बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ताई कप मांडत होती, तिचा हात तिथेच थांबला. ती दारापाशी गेली आणि दोन वाक्यं बोलली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण बाबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात.

मी म्हटलं, चला, झालं एकदाचं बाईचं भलं. पण कसचं काय! तिने कपाटातून नवा तपकिरी कप काढला, बाबांना खिडकीजवळच्या टेबलावर ड्रायव्हर आणि बेकरीवाल्यासमोर बसवलं आणि आपण किटली घेऊन आत आली.

"अहो, बसा ना त्यांच्याजवळ!" मी म्हटलं.

"नियम कुणाचा?"

"तुमचाच. म्हणून तर म्हणतो."

"मीच मोडला तर पुढच्या शनिवारी सगळे आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतील. आणि बाबांनाही इथली भाषा यायला हवी. मुलगा कामाला परगावी, सून दिवसभर कामावर. जिन्यात पडले तर हाक कुणाला मारतील, आणि कुठल्या भाषेत?"

"मग एखाद्या दिवशी त्यांच्या घरी जा."

"दिवसा मी कुणाकुणाबरोबर दवाखान्यात असते, आणि संध्याकाळी सून दमून येते. तिच्यासमोर तिला न कळणाऱ्या भाषेत आम्ही दोघांनी बोलत बसायचं? तिला वाटेल, माझ्याचबद्दल बोलतायत. असं वाटतंच माणसाला. इथे मी रोज तेच निस्तरते."

या बाईचं सगळं बरोबर असतं, आणि त्याचाच मला राग येतो.

तरी तिने एक पळवाट काढली. चहा ओतताना त्यांच्या भाषेत एक वाक्य व्हायचं, कधी तिचं, कधी बाबांचं. कप भरेपर्यंत जेवढं होईल तेवढं. मग किटली पुढच्या टेबलावर. बाबा लबाड निघाले. घटाघटा चहा संपवून लगेच कप पुढे करायचे. कप पुसताना ताई मला सगळं सांगायची. पहिल्या कपाला बाबांनी विचारलं, तुमच्या घरी विहीर मागे होती की पुढे? दुसऱ्या कपाला ताई म्हणाली, मागे. तिसऱ्याला बाबांनी विचारलं, पायऱ्या दगडी होत्या का? गवंडीच तो. ताई म्हणाली, दगडी, पण निसरड्या. आणि कशाने निसरड्या हे सांगायला तिला शब्दच सापडेना. पुढच्या कपाला बाबांनी तो सांगितला. शेवाळाला त्यांच्याकडे जे म्हणतात तो शब्द तिने मला म्हणूनही दाखवला. मला काही तो उच्चारता आला नाही. ती मात्र संध्याकाळभर तो पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला एवढं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हे असं चाललं असताना सूनबाई तक्रार घेऊन आल्या. "ताई, बाबांना एवढा चहा नका देऊ. शनिवारी डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा, आणि डॉक्टरही ओरडतात." ताईने मान डोलावली. तेव्हापासून बाबांना एकच कप, म्हणजे शनिवारी एकच वाक्य. मी म्हटलं, नुसतं गरम पाणी ओता, पण बोला! ती म्हणाली, इतर म्हातारे विचारतील आम्हाला का नाही.

आणि मग कळलं की बाबा चाललेत. थोरल्या मुलाकडे, लांब, जिथून म्हातारं माणूस परत येत नाही. सूनबाईंनी ताईलाच आधी सांगितलं, ताईने मला. बाकी कुणाला माहीत नव्हतं. चहा झाल्यावर सगळ्यांना सांगायचं असं ठरलं.

शुक्रवारी ताई माझ्या दुकानात आली. काही काम नव्हतं. काउंटरवरच्या किल्ल्या उगाच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी बसणार आहे त्यांच्या टेबलावर."

"देव पावला!"

"एकच दिवस. चहा कुणीही ओतू दे. मला एकदा सगळं बोलणं बोलायचंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकमेकांना तोडत, मध्येच हसत, बोलतात ना माणसं तसं. असं बोलून किती वर्षं झाली ते मला सांगतासुद्धा येणार नाही. काय काय विचारायचं ते डोक्यात घोळतंय नुसतं. ते गेले की मग कोण आहे मला?"

एवढं उघड ती कधी बोलत नाही. चहा मी ओततो, एवढंच म्हणालो.

शनिवारी किटली माझ्या हातात होती. ताईने बाह्या खाली केल्या, केस सारखे केले, आपला कप घेतला आणि बाबांशेजारची खुर्ची ओढून बसली. बाबांचा चेहरा असा उजळला की मीच दुसरीकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समोरून ड्रायव्हर ओरडला, "दोन तपकिरी!"

खोलीला काय, एवढंच हवं होतं. इतकी वर्षं जिने सगळ्यांना उठवलं ती स्वतः सापडली! टेबलं बडवली जायला लागली. "दोन तपकिरी! दोन तपकिरी!" बेकरीवाला, ज्याच्या पोटात ताईबद्दल नुसती माया आहे तो बेकरीवाला, पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि ड्रायव्हरच्या मदतीने तिला खुर्चीसकट अलगद उचललं. मी किटली आपटून "अरे, थांबा!" म्हणणार, तोच ताईने माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. मी चहा ओतत राहिलो. बाबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. ताईचा काहीतरी सत्कार चाललाय असं समजून तेही हसत टाळ्या वाजवत होते.

तिला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. तीही हसली, हात जोडून "चुकलं, चुकलं" म्हणाली. त्यावर आणखी टाळ्या. मला ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण त्याचा तरी काय दोष? तिनेच शिकवलेलं तो मन लावून करत होता. मग तिच्या टेबलावरच्या एका आजारी बाईने तिला दवाखान्याचं काही विचारायला घेतलं, आणि ताई नेहमीसारखी तिचं ऐकत बसली. मी दोनदा तिथे गेलो. उठा म्हणून खुणावलं. तिने कप पुढे केला.

चहा संपता संपता सूनबाई आल्या आणि त्यांनी बाबा चालल्याचं सांगितलं. बाबा उठले, कोटाची बटणं लावली, खोलीच्या मधोमध उभे राहिले. ताईही उभी राहिली. मला वाटलं, आता तरी. निदान एक वाक्य, कितीही लांबलचक.

बाबांनी घसा साफ केला आणि इथल्या भाषेत, एकेक शब्द तोलत म्हणाले, "ताई, मी इथे मुका आलो होतो. तुम्ही मला बोलायला शिकवलं. मी तुमचा आभारी आहे."

एकही चूक नाही. किती दिवस घोकलं असेल त्यांनी! ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळी खोली टाळ्या वाजवत उभी राहिली. ताईने बाबांचे हात धरले आणि तीही इथल्याच भाषेत म्हणाली, "छान बोललात बाबा. सांभाळून जा." दार खाली घासलं, अडकलं, मी ते उचलून उघडलं, आणि बाबा गेले.

कप पुसताना मला राहवलं नाही. "निदान निरोप तरी तुमच्या भाषेत द्यायचा!" मी जवळजवळ भांडलोच तिच्याशी. "कोण अडवणार होतं तेव्हा?"

"ते इतकं पाठ करून आले होते," ती म्हणाली. "मी आमच्या भाषेत बोलले असते तर त्यांना वाटलं असतं, आपलं चुकलं."

मग तिने नळ बंद केला. "आणि खरं सांगू का? मला आठवलंच नाही. निघणाऱ्या माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते. जिभेवर येतंय असं वाटलं, पण आलं नाही. मी तिकडून निघाले तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं मला. त्यानंतर कुणाला म्हणायची वेळच आली नाही."

"आठवेल," मी म्हटलं.

"हो, आठवेल."

पुढे बरेच शनिवार मी कप पुसताना तिला विचारायचो, आठवलं का म्हणून. ती नाही म्हणून मान हलवायची. हल्ली मी विचारत नाही.