एम.एस.चा पाइप

आनंदी शिगवण आजारी पडायची, पण धड आजारी पडायची नाही, ही तिच्याबद्दल सोसायटीची मुख्य तक्रार होती. लंगडायचं तर माणसाने कायमचं लंगडावं. आज भिंत धरून चालायचं आणि दोन महिन्यांनी गोडदेवच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिसरा मजला चढायचा, याला काय म्हणायचं? सोसायटीने 'नाटक' म्हणायचं ठरवलं होतं.

लालबागची खोली सोडून शिगवण भाईंदर पूर्वेला आले ते सत्त्याऐंशी साली. नवरा महिपत जवळच्याच एका गाळ्यात वेल्डर. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आनंदी रत्नागिरीकडची, त्यामुळे बोलण्याचं खातं तिच्याकडे.

पहिल्यांदा तिचा एक डोळा अंधुक झाला. समोरच्या चंपाबेनने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. महिन्याभरात डोळा सुधारला, आणि चंपाबेनच्या हाताला गुण आहे असं ठरलं. मग पाय बधिर झाले. सेक्रेटरी आत्माराम साळगावकरांनी चेणे गावच्या वैद्याचं तेल आणून दिलं. पाय सुधारले तसे साळगावकर भेटेल त्याला सांगू लागले, "मी उभी केली तिला." पुढे पाय पुन्हा गेले तेव्हा मात्र कुणी पुढे आलं नाही. तेव्हा आनंदीने पथ्य पाळलं नव्हतं म्हणे. गुण आला की वाटेकरी पुष्कळ, आजार उलटला की दोष तिचा एकटीचा.

शेवटी चौऱ्याण्णव साली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "एम.एस. आहे. नसांवरचं आवरण निघतंय. मधूनमधून बरं वाटेल, पण हळूहळू वाढत जाईल."

महिपतला हे बरोब्बर समजलं, आणि तिथेच घोटाळा झाला. गाळ्यात माल दोनच जातींचा. एस.एस. म्हणजे स्टेनलेस स्टील, त्याची भांडी होतात. एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड. वरचा थर निघाला की गंज धरतो, आणि धरला की वाढतच जातो.

"तुला ओल लागता कामा नये," तो घरी येऊन म्हणाला.

त्या दिवसापासून आनंदीचं धुणं बंद, भांडी बंद. महिपत स्वतः मोरीत बसू लागला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण नवरा इतका आवडण्याची वेळ तिच्यावर प्रथमच आली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. गंजाला ऊन चांगलं, म्हणून रोज तिला गच्चीवर उन्हात बसवू लागला, आणि तिचे पाय पार मेणाचे होऊ लागले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. या आजाराला उष्णता सोसत नाही. गार पाण्याने उलट थोडा वेळ बरं वाटतं.

"अहो, बायको आहे ती, खिडकीची ग्रिल नाही," डॉक्टर म्हणाले.

महिपत बरेच दिवस खाली मान घालून वावरला. धुणं मात्र आनंदीने त्याच्याकडेच ठेवलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. जिन्याला दोन्ही बाजूंनी नुसत्या भिंती, धरायला काही नाही. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत पाइप बसला, तर ती आपल्या पायांनी बाजारात जाऊ शकली असती, भाजीवाल्याशी भांडू शकली असती. नाहीतर उरलेला जन्म दोन खोल्यांत. याची तिला भीती वाटायची, आणि तिला फारशा कशाची भीती वाटत नसे. महिपत पाइप फुकट बसवून द्यायला तयार होता.

"जिना अरुंद होतो," साळगावकर म्हणाले. "आणि सोसायटीच्या भिंतीला भोकं पाडायची तर ठराव पायजे. मीटिंगला या आणि मांडा."

मीटिंग गच्चीवर, भर मे महिन्यात, दुपारच्या तोंडावर. म्हणजे आनंदी चढून आली तर पाइपची गरज नाही, आणि नाही आली तर ठराव नाही. साळगावकरांनी हा पेच मुद्दाम टाकला असं कुणी म्हणू नये. तेवढं डोकं त्यांना नव्हतं.

त्या दिवशी आनंदीने डोक्यावरून गार पाणी घेतलं, मानेभोवती ओला पंचा गुंडाळला आणि महिपतचा हात न धरता गच्चीवर गेली.

"हे बघा!" साळगावकर ओरडले. "ही तर मस्त चालतेय! पाइप कशाला पायजे?"

"बरोबर आहे," आनंदी म्हणाली. "तुमचे बाकीचे विषय होऊ देत. मी बसते."

सगळे टाकीच्या सावलीत होते. तिने मानेवरचा पंचा काढला आणि आपली खुर्ची उन्हात ओढली. महिपत उठायला लागला, तर डोळ्यांनीच त्याला खाली बसवला.

विषय होता टाकीच्या झाकणाचा. झाकणावर बोलायला लागली की सोसायटी कुणाचं ऐकत नसे. चर्चा संपून सगळे उठले तेव्हा आनंदी उठली नाही. पायांत जीव नव्हता. डोळ्यांपुढे साळगावकर दोन दोन दिसत होते, आणि तिला तर एकसुद्धा नकोसा होता.

"झालं नाटक सुरू," कुणीतरी म्हणालं.

"हो ना," आनंदीची जीभ जड झाली होती. "आता ते खाली न्या. पुढून साळगावकर धरतील. पूर्वी त्यांनीच मला उभी केलीय, त्यांना सवय आहे."

चारचौघांत नाही म्हणता येईना. मागून महिपतने खुर्ची उचलली, पुढून साळगावकर उलट्या पावलांनी जिना उतरू लागले. पहिल्याच वळणावर त्यांचा पाय घसरला. एक हात भिंतीवर गेला आणि भिंतीवरून सरळ खाली आला.

"अरे थांबा, थांबा!" ते किंचाळले. "इथे धरायला कायतरी पायजे हो!"

खुर्ची थांबली. वर सगळे सभासद दाटीवाटीने उभे.

"सूचक साळगावकर," आनंदी म्हणाली. "अनुमोदन माझं."

"मेरा भी!" चंपाबेन वरून ओरडली.

पाइप बसला, एम.एस.चाच. महिपत दर दिवाळीला त्याला रंग द्यायचा. आनंदीने तो तीन-चार वर्षं वापरला. मग मधले बरे दिवस यायचेच थांबले, आजार नुसता पुढे सरकत राहिला, आणि नव्याण्णव साली तिचं खाली उतरणं सुटलं. आता तिला कुणी नाटकी म्हणत नसे. 'बिचारी' म्हणत, आणि ते तिला जास्त झोंबायचं. संध्याकाळी ती दार उघडं टाकून चाकाच्या खुर्चीत बसायची आणि जिन्यातल्या माणसांना तिथूनच टोमणे मारायची.

साळगावकरांचे गुडघे एव्हाना गेले होते. पाइपला अक्षरशः लोंबकळत ते वर यायचे, आणि नवा भाडेकरू भेटला की धापा टाकत सांगायचे, "हा मीच बसवून घेतला."

"काय साळगावकर," आनंदी दारातून विचारायची, "पाइपाचा गुण येतोय ना?"

"येतोय, येतोय."

"मग पथ्य पाळा हो. नाहीतर उलटतं."