वेल्माचं ‘ठीकाय’

वेल्मा प्रोसर रोज सकाळी सहाला नदीवर जायची आणि नदीत कधीच उतरायची नाही. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि फाटक्या काठाची गवती टोपी एवढाच तिचा सरंजाम. वारिंगलच्या वळणावर बुलार नदी इतकी मंदावते की पाणी वाहतंय की झोपलंय ते कळत नाही. काठावरचे निलगिरीच्या जातीचे जुने गमवृक्ष पाण्यात उलटे उभे असतात. पांढऱ्या पोपटांचा थवा वरून गेला की पाण्याखालूनही जातो. वेल्मा अर्धी जागी, अर्धी झोपेत असल्यासारखी त्या खालच्या गावाकडे बघत बसायची. तिला वाटायचं, तिथंही एक वारिंगल आहे, तिथंही उन्हाळा लागलाय, आणि तिथला क्लेम आता चहा मागेल.

वरच्या वारिंगलमध्ये तिचा नवरा क्लेम अकरा वर्षांपूर्वी याच वळणावर बुडाला होता.

नाताळनंतरचा आठवडा होता, आमच्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो, भर दुपार, पारा बेचाळीसवर. क्लेमची टोपी वाऱ्यानं उडून पाण्यात पडली. साठीचा क्लेम, उभा जन्म या नदीत डुंबलेला, टोपी आणायला उतरला. वेल्मा काठावर सँडविचना लोणी लावत होती. तो मध्यावर जरा रेंगाळलेला दिसला म्हणून तिनं हाक मारली, "ठीक आहेस ना रे?"

"ठीकाय!" तो म्हणाला.

ती पुन्हा लोण्याकडे वळली. चार सँडविचं झाली तेव्हा तिनं मान वर केली. पाण्यावर फक्त टोपी होती.

या ‘ठीकाय’ला आमच्या गावात इलाज नाही. जॅक घसरून अख्खी गाडी पायावर आली तरी आमचा माणूस म्हणणार, ठीकाय, तुम्ही तुमचं जेवण उरका. तीन वर्षं पावसाचा थेंब नव्हता, मेंढ्या विकाव्या लागल्या, तेव्हाही कुणी विचारलं की उत्तर एकच. वेल्मानं तीस वर्षं वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या, तिथंही शेवटच्या घटका मोजणारी म्हातारी माणसं तेच सांगायची. क्लेमला पुरून आल्यावर सगळं गाव केक आणि गरम जेवणाची भांडी घेऊन दारात उभं राहिलं. वेल्मानंही प्रत्येकाला तेच सांगितलं. पुढं अकरा वर्षं तेच सांगत राहिली.

मग मागच्या जानेवारीत लेस हॅनाफर्डचा बर्फाचा डबा बियरसकट वाहून गेला. लेसचा पेट्रोल पंप आहे, पोट पंपापेक्षा प्रसिद्ध आहे. तो डब्यामागे गेला, मध्यावर एकदम खाली गेला, आणि बऱ्याच वेळानं एका बुडालेल्या ओंडक्याला मिठी मारलेला वर आला. चेहरा पांढराफटक, नाकातोंडातून पाणी, आणि ओरडला काय? ठीकाय! काठावर हशा पिकला. वेल्मानं मुकाट्यानं खुर्ची मिटली आणि घर गाठलं. या नदीनं आणखी एक माणूस तोच शब्द म्हणवून न्यायचा आणि आपण पुन्हा काठावर बसून ऐकायचं, हे तिला आता सोसणार नव्हतं.

सप्टेंबरात पोस्टाच्या खिडकीशी एक कागद लागला: उन्हाळी अनुदान, गावाची सुरक्षितता आणि स्वास्थ्य वाढवणाऱ्या छोट्या उपक्रमांसाठी. खिडकीमागे बसते ती नेरिडा. वेल्माची शाळेपासूनची मैत्रीण, आणि जिभेला हाड नसलेली बाई. तिनंच अर्ज पुढे सरकवला.

"भर. नाहीतर आयुष्यभर नदीकडे नुसती बघत बसशील."

वेल्मानं अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन दिवस ठेवला आणि चौथ्या दिवशी एका बैठकीत भरून आणला. नेरिडानं चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

"उपक्रमाचं नाव, पाठीवर पडणे. अगं, हा उपक्रम आहे की डॉक्टरचं निदान?"

"तेच शिकवायचंय ना. दमलं की उताणं पडायचं, श्वास घ्यायचा आणि ओरडायचं. पोहायला सगळ्यांनाच येतं इथं."

"लाभार्थी, आपल्याला पोहता येतं असं म्हणणारे सगळे." नेरिडा हसली. "अपेक्षित परिणाम, जानेवारीत जेवढी माणसं पाण्यात उतरतील तेवढी फेब्रुवारीत जिवंत असणे." इथं मात्र ती हसली नाही. तिनं अर्जावर शिक्का मारला आणि स्वतःच्या हातानं टपालाच्या पिशवीत टाकला.

मागणं काही फार नव्हतं. वळणावर आडवा बांधायला तरंगत्या गोळ्यांचा दोर, काठावर सावलीचं कापड, बुडणाऱ्याकडे फेकायला चार तरंगती कडी, आणि सहा आठवडे शहरातून येणारी एक पोहण्याची शिक्षिका.

ऑक्टोबरात फोन आला तेव्हा वेल्मा जर्दाळूचा जॅम ढवळत होती. सत्तर किलोमीटरवरच्या तालुका कचेरीतून मार्सेला नावाची मुलगी बोलत होती. चिलीहून आलेली, आवाज गोड, प्रत्येक शब्द निवडून टाकणारी.

"प्रोसरबाई, तुमचा अर्ज आमच्यापुढे आहे. तुम्हाला आमची मदत हवी आहे ना, एवढं पक्कं करायला फोन केला."

"छे गं बाई! आमचं ठीकाय. तू कशाला उगाच त्रास घेतेस? तुमच्याकडे काय म्हणतंय ऊन?"

दोघी उन्हाबद्दल छान बोलल्या. जॅमही उत्तम झाला. आणि दहा दिवसांनी पत्र आलं: आपल्याला मदतीची आवश्यकता नसल्याचे कळवल्याबद्दल आभार, आपला अर्ज बंद करण्यात येत आहे.

"काय म्हणालीस तू तिला?" नेरिडानं विचारलं.

"काय म्हणणार? ठीकाय म्हटलं."

"कपाळ माझं! मदतीसाठी अर्ज करतेस, आणि मदत हवी का विचारल्यावर नको म्हणतेस?"

"अगं, पहिल्यांदा विचारलं की नकोच म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की मग बघायचं."

"ती चिलीची आहे, वेल्मा. ती एकदाच विचारते!"

मागे रांगेत लेस उभा होता. त्यानं मायेनंच वेल्माच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. नाहीतरी आपलं काय अडलंय? आपण ठीकच आहोत."

वेल्मानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात काढून घेतला. तशीच ती घरी गेली, जॅमची बाटली घेतली आणि गाडी काढली.

त्या रस्त्यावर बघायला काही नाही. दोन्ही बाजूंना कापलेला गहू, आणि पुढे डांबरावर पाण्याचं तळं चमकतं, जवळ जावं तर आणखी पुढे सरकतं. वेल्मा सत्तर किलोमीटर त्या तळ्याच्या मागे गेली. वाटभर तिनं एकच वाक्य घोकलं. कचेरीत शिरली आणि ते वाक्य गायब झालं.

मार्सेला होती जेमतेम तिशीची. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. वेल्मानं जॅम दिला. मग वेल्मा जर्दाळूंबद्दल बोलली, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलली, कांगारूंनी यंदा बागेची कशी वाट लावली ते सांगितलं.

"बाई," मार्सेलानं हळूच विचारलं, "तुम्ही जॅम द्यायला एवढ्या लांब आलात?"

"इकडे यायचंच होतं."

"कुठे?"

"इकडेच," वेल्मा म्हणाली आणि ओशाळली.

मार्सेलानं बाटली हातात फिरवली. "मला इथं येऊन दीड वर्ष झालं. इथली माणसं ठीक आहे म्हणाली की मी खरं मानते. मी दुसरं काय मानू, तुम्हीच सांगा."

वेल्मानं तोंड उघडलं.

"मीही खरं मानलं होतं गं," ती म्हणाली. "मी तिथंच होते. लोणी लावत होते."

मग तिनं सगळं सांगितलं. टोपी, वारा, चार सँडविचं. हे तिनं नेरिडालासुद्धा सांगितलं नव्हतं. गावाला क्लेम बुडाल्याचं माहीत होतं, त्याचा शेवटचा शब्द माहीत नव्हता. तो जणू आपणच त्याच्या तोंडून काढून घेतला, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. मार्सेलाच्या डोळ्यांत पाणी आलं. वेल्मानं आपला रुमाल तिला दिला आणि मग स्वतःसाठी परत मागून घेतला.

"आमचं ठीक नाही, पोरी," ती शेवटी म्हणाली. "कुणाचंच नाही. आम्हाला मदत हवी आहे."

"हे एवढंच लिहून द्या," मार्सेला म्हणाली. "निर्णय माझ्या हातात नाही, पण समितीपुढे मी स्वतः वाचीन."

वेल्मानं लिहून दिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं. नोव्हेंबराच्या शेवटी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा नेरिडानं ते खिडकीतून न देता बाहेर येऊन दिलं.

जानेवारीत वळणावर दोर लागला. नारिंगी गोळ्या सकाळच्या पाण्यात डुलायच्या, झाडांना बांधलेलं सावलीचं कापड वाऱ्यानं श्वास घ्यायचं. पहिल्या दिवशी अकरा जण आले, सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे फक्त बघायला आलेले. शिक्षिका बारीक चणीची आणि खमकी होती. तासाभरात अकराही जण उताणे पडलेले, तळणीतल्या पुऱ्यांसारखी पोटं वर. कुणी बोलत नव्हतं. कान पाण्याखाली गेले की बोलावंसंच वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर उन्हाशी आणि कुंपणांशी मारामारी केली, ती माणसं पापण्या मिटून नदीवर पहुडली होती, आणि नदी त्यांना हळूहळू गोल फिरवत होती. वेल्मा काठावर खुर्चीत हजेरीची वही घेऊन बसलेली. तिला वाटलं, खालचं गाव वर आलंय.

तरंगणं सोपं निघालं. अवघड होती ती वेल्मानं घातलेली अट. तास संपताना प्रत्येकानं दोराला धरून ओरडायचं: मी ठीक नाही!

"ए वेल्मा," लेस म्हणाला, "धडधडीत खोटं कसं बोलू? पाणी कमरेएवढं आहे."

"ओरड."

"तसा मी अगदीच ठीक आहे असं काही..." लेस पुटपुटला आणि लालबुंद झाला. नेरिडा पाण्यात हसता हसता गटांगळी खाऊन आली. पण तिची पाळी आली तेव्हा तिचाही आवाज फुटेना, आणि ही बाई एरवी अख्ख्या गावाला ऐकवते.

आठवड्यामागून आठवडे गेले. आवाज थोडे थोडे चढत गेले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी लेसनं दोर धरला आणि असा ओरडला की गमवृक्षांवरचे सगळे पोपट उडाले. मग तो तिथंच उभा राहिला, पाणी त्याच्या छातीशी.

"मागच्या साली मला वाटलं, संपलं," तो म्हणाला. "काठावर तुम्ही सगळे होतात. मी हाक नाही मारली. लाज वाटली." यावर कुणी हसलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचं झालं आणि लेस काठाकडे वळला. "आता तू ये."

"मी वही सांभाळते," वेल्मा म्हणाली. "माझं सोडा, मी ठीकाय."

तिनं म्हटलं आणि तिलाच ते ऐकू आलं. अकरा जण दोराशी वाट बघत उभे होते. वेल्मानं वही खुर्चीवर ठेवली. टोपी काढली, बूट काढले आणि सुती झग्यासकट पाण्यात शिरली. घोटे, गुडघे, कंबर. तळाचा चिखल बोटांमध्ये मऊ आला, अकरा वर्षांपूर्वी होता तसाच. शिक्षिकेनं पाठीखाली हात धरला आणि मग सोडला.

कान बुडाले. जग लांब गेलं. आत एक घुमणारा, जुना आवाज होता, आणि वर झाडं आता सरळ उभी होती. झगा भोवती फुलून तरंगत होता. क्लेम जवळपास असल्यासारखं वाटलं आणि तिला भीती वाटली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. प्रवाहानं तिला दोराच्या टोकाशी, खोल पाण्यावर, अलगद आणून सोडलं. आणि तिथं एकाएकी छातीत सगळं दाटून आलं, श्वास तुटला, पाय खाली जायला लागले.

"वेल्मा!" लेसची हाक आली. "ठीक आहेस ना गं?"

शब्द जिभेवर तयार होता. वेल्मानं तो गिळला.

"नाही!" ती ओरडली. "नाही रे, मी ठीक नाही!"

पाण्याचा मोठा आवाज झाला. लेस पुढे, नेरिडा त्याच्यामागे, मग बाकीचे सगळे, दोर सोडून, पाणी कापत तिच्याकडे निघाले. दुसऱ्यांदा विचारायला कुणी थांबलं नाही.