शुक्रावरची लग्नं आणि आमचं एक

हसायचं नाही, आधीच सांगतो. बरोबर मीच होतो! आजही कुणाला वाद घालायचा असेल तर या, चहा माझ्याकडून. पण बरोबर असूनही माणूस तोंडावर कसा आपटतो, ते ऐका.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. नळाला पाणी नव्हतं, पण आम्ही लातूरकर लई फुगलो होतो! त्यात मी विज्ञानाचा मास्तर. औशाजवळच्या एका गावात सोयरीक जुळलेली, साखरपुडाही झालेला. आणि सासऱ्यांचा निरोप आला, "शुक्राचा अस्त हाय. पाऊसपाणी झाल्यावर लग्न धरू."

टाळकंच सटकलं माझं! एसटी धरली अन् थेट त्यांच्या ओसरीवर. सगळी भावकी बसलेली.

"मामा, शुक्र कुठं जात न्हाई! त्याच्या काळोख्या बाजूलाबी उजेड असतो. तिकडं गेलेल्या यानानं टिपलाय!"

"आसं? कसला उजेड?" सासरेमामांनी विचारलं.

मग काय, मी सुटलोच. दिवसा ऊन तिथल्या हवेचे तुकडे करतं. वारा ते तुकडे उंचावरून रात्रीच्या बाजूला नेतो. तिथं ते पुन्हा जोडीनं जुळतात आणि जुळताना उजेड पडतो. अतिनील!

"म्हंजे मामा, शुक्रावर रोज रात्री लग्नं लागायलीत, अन् तुम्ही त्याच्याच नावानं माझं थांबवायलात?"

ओसरी खदखदली. एक म्हातारबा म्हणाले, "दिसतो का रं त्यो उजेड?"

"डोळ्याला न्हाई दिसत. पण असतो!"

मामी दाराआडून मान हलवून हलवून मला थांबवत होत्या. मला वाटलं, सासूबाई पंचांगाच्या बाजूच्या! मी आणखी जोरात बोललो. शेवटी चारचौघांत मामा "बरं" म्हणाले.

निघताना मामींनी गाठलं. "जावईबापू, पंचांगाचं काय घिऊन बसलात? हीर आटली. वऱ्हाडाला पाणी कुठून पाजावं? तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून शुक्राला मधी घातला हुता."

आता तुम्ही असता तर गप घरी गेला असता. मी? माघार? छट्! "पाणी मी आणतो!" म्हणालो.

लग्नाच्या दिवशी मी सांगितलेला टँकर आलाच नाही. वऱ्हाड तहानलेलं, चूल थंड. शेजारच्या गावी एका विहिरीला पाणी होतं. मी बैलगाडीवर पिंपं चढवायला लागलो, तशी माझी आई ओरडली, "आरं, हळद लागलेल्या नवरदेवानं शीव ओलांडू न्हाई!"

मामा शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या की विहीणबाई. ते कुठं असलं मानत्यात?"

गेलो! मुंडावळ्या बांधून पोहरा ओढला. विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. परत येईस्तोवर अंगावरची हळद पार धुऊन गेली आणि मुहूर्त टळला. मुहूर्त मी मानत नाही, ते सोडा. पण वऱ्हाड पाणी पिऊन जेवलं, आणि लग्न लागलं!

बायकोनं ओसरीवरचं ते सगळं माडीवरून ऐकलेलं. शुक्राचा धडा तिला तेव्हापासून पाठ आहे.

परवा पाहुण्यांसमोर मी छाती काढून म्हणालो, "घरात अर्धं काम मी करतो."

ती चहाचे कप गोळा करत म्हणाली, "खरं हाय. पण डोळ्याला न्हाई दिसत. यान बोलवावं लागतंय."