डावीकडचे दोन दात

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दुकानाच्या पायरीवर उभं केलेलं नाही. हमाली करून आडत उभी केली. जे हातात घेऊन पारखता येत नाही तो माल नाही, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय... कारण ते माझ्याच तोंडात घडलं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि दुष्काळ होता. भर दुपारी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रुमालाखाली बोटं धरून तुरीचा भाव ठरवत होतो. एकदम डावीकडच्या वरच्या दातांत कळ उठली. तोंडभर रक्ताची चव. थुंकलो, तर थुंकी स्वच्छ! जीभ फिरवली, त्यातले दोन दात लागेनात. बोट लावलं, तर जागच्या जागी.

"शेठ, माझा भाव ऐकून दात पडले का?" समोरचा शेतकरी हसला. मी त्याच्यावर खेकसलो.

तेवढ्यात बहिणीच्या सासरहून माणूस आला. माझी धाकटी बहीण शांता रेणापूरजवळ दिलेली. "ऊन लागून गेली," म्हणाला.

सवाष्ण गेली की माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत. साडी घेऊन पोचलो, तर तिरडी तयार. मळवट कपाळाला भरतात. इथं हनुवटीपर्यंत हळदीकुंकवाचा जाड लेप.

"आंघोळ घातली?"

"प्यायला पाणी न्हाई, आंघोळ कुठली?" तिची सासू म्हणाली. "टाक साडी, उशीर व्हायलाय." नवरा खाली मान घालून बसलेला.

तोंडात पुन्हा तीच कळ आली, आणि मी बोलून गेलो, "मावशी, हिचे डावीकडचे वरचे दोन दात पडलेत."

"तुला कुणी सांगितलं?"

सासूनं तोंडावर पदर धरला.

मग शेजारची एक बाई उठली, घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्यामागं दुसरी. मग आणखी... टँकरवर डोकी फुटत होती त्या गावात! मी शांताचा चेहरा धुतला. गाल काळानिळा, ओठ आतून फाटलेला. दोन दात नव्हते. तेच दोन.

त्या क्षणी माझ्या तोंडातली रक्ताची चव गेली.

एक म्हातारा कानाशी आला. "शेठ, तुम्ही व्यापारी माणूस. मिटवून टाका."

"जन्मभर भाव केला, बहिणीचा न्हाई करणार!"

पोलीस आले. डॉक्टरांना जबडाही मोडलेला सापडला. ठोशांनी, म्हणाले. नवरा तुरुंगात गेला. पण त्यांची भावकी आजही म्हणते, यानं बहिणीचं मढं चिरायला लावलं. ऐकलं की अजून मस्तकात तिडीक जाते.

मला कुणी सांगितलं? सासूचा तो प्रश्न मी अजून पारखून बघतो. म्हातारपणात बहुतेक दात गेले. डावीकडचे वरचे दोन तेवढे घट्ट आहेत.