मामाची बारा मिनिटं

"मास्कमध्ये थुंका. लाजू नका, इथे सगळेच थुंकतात. श्वास तोंडाने. नाक घरी विसरून आलोय असं समजा. घाबरायचं नाही, मी मागे आहे. बारा मिनिटांत वर."

हे माझा मामा बावीस वर्षं बोलत आलाय, दिवसातून आठ वेळा. 'नाक घरी' म्हटलं की गिऱ्हाईक हसतं. मामा हसत नाही, फक्त त्यांचं हसून होईपर्यंत थांबतो. बस थांब्यावर बसची वाट बघावी, तसा.

माणसांना पाण्याखाली नेऊन समुद्र दाखवणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकाच्या पाठीवरची हवेची टाकी मागून धरायची आणि ढकलत न्यायचं. पुढच्याला वाटतं, आपणच पोहतोय. फोटोच्या खडकापाशी फोटो, चार रंगीत मासे, की वर. टाकीत पाऊण तासाची हवा असते, पण मालकाचा हिशोब बाराचा. मामाला घड्याळ लागत नाही. बारा मिनिटं त्याच्या हाडात मुरलीत.

संध्याकाळी तो मान एका बाजूला टाकून घरी येतो, कानातलं पाणी निथळत. त्याचा काळा रबरी सूट न्हाणीघरात टांगलेला असतो. मी अजून दर वेळी दचकते, वाटतं मामाच लटकलाय. जेवताना त्याला तोंड उघडायचाही कंटाळा, घास सोडून. मामीने विचारलं, "अजून वाढू?" तर तळहात गळ्यावरून आडवा फिरवतो. पाण्याखाली ही 'हवा संपली'ची खूण. मामी म्हणते, "जेवायला बसलात की जीव द्यायला?"

पूर्वी असा नव्हता म्हणे. नवीन लग्न झालेलं तेव्हा घरी येऊन तास तास सांगायचा. फोटोच्या खडकाला वळसा घालून गेलं की कपारीत एक वाम राहते, सापासारखी लांब, मनगटाएवढी जाड, आणि सारखी तोंड उघडते-मिटते. "हुबेहूब तुझी आई," मामा म्हणाला आणि मामीने आठवडाभर अबोला धरला. पण ती वाम तिच्या डोक्यात बसली ती बसलीच. मामा म्हणायचा, "नेईन. एवढा सीझन संपू दे." असे बावीस सीझन संपले.

मग मागच्या महिन्यात कानाचे डॉक्टर. त्यांनी कानात नळी घातली. "हं. हा डावा पडदा. पडदा म्हणायचा म्हणून म्हणायचा. आणि हा उजवा... हंहं. वय?"

"पन्नास."

"कानांचं सत्तर धरा. पाणी बंद."

मामाने मान हलवली. वाद घालायलाही जोर लागतो. मामीच म्हणाली, "डॉक्टर, फक्त एकदा. मला न्यायचं राहिलंय."

डॉक्टर बराच वेळ पेनाला टोपण लावत बसले. "एक बुडी मारलीत तर मला माहीत नाही. दोन मारलीत तर दुसरा डॉक्टर बघा."

त्यानंतरच्या मंगळवारी होडीला गिऱ्हाईक नव्हतं. होडीत आम्ही तिघं आणि होडीवाला. मामीला सूट चढवायला अर्धा तास लागला. "यातच जीव गुदमरतोय, समुद्र कशाला हवा?" ती म्हणाली.

मामाने टाकी बांधली, पट्टे ओढले आणि समोर उभा राहून सुरू झाला, "मास्कमध्ये थुंका. लाजू नका..."

"मला अहो-जाहो?"

"सवय," मामा म्हणाला. "नाक घरी विसरून..." आणि थांबला. मामी हसली नाही. "नाक इथेच आहे. पुढे बोला."

दोघं पाण्यात गेली. वरून आम्हाला फक्त बुडबुडे दिसत होते, दोन रांगांत. फोटोच्या खडकापर्यंत गेले. थांबले. मी म्हटलं, आता वळतील पलीकडे. बुडबुडे वळले, पण होडीकडे.

होडीवाल्याने घड्याळ बघितलं. "बारा," तो म्हणाला आणि शिडी सोडली.

मामाचं डोकं वर आलं. मास्क कपाळावर सरकवला आणि तोंडातून आपसूक निघालं, "कसं वाटलं? मजा आली ना? मित्रमंडळींना सांगा."

मामीने तोंडातली नळी काढली. "अहो, वाम?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग पाण्याकडे. त्याचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"टाकीत अजून अर्ध्या तासाची हवा आहे," तो म्हणाला. "चल. आत्ता जाऊ."

"दुसरी बुडी?"

"त्या डॉक्टरला काय कळतंय." त्याने मास्क खाली ओढला. त्याच्या डाव्या कानातून लालसर पाण्याची रेघ मानेवर उतरत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. मामीने त्याच्या खांद्याचा पट्टा घट्ट धरला, आणि तळहात स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरवला.

मामा शिडी चढला. फळीवर बसून म्हणाला, "खडकावरून पुढे जायचं हे पायांना ठाऊकच नाही राहिलं बघ."

आधी डॉक्टरांकडे जाऊन त्यांची बोलणी खाल्ली. कानांत कापूस मिळाला. चार वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. मामी मास्क आणि साधी नळी लावून कमरेएवढ्या पाण्यात पालथी झाली. मामा शेजारी उभा, कान कोरडे ठेवून, तिच्या सुटाची पाठ मुठीत धरून. ती मधेच डोकं वर काढायची आणि त्याच्या कानातल्या कापसामुळे ओरडून सांगायची, "एक पट्ट्यापट्ट्यांचा आहे, आपल्या जुन्या चादरीसारखा."

"मग?"

"मग काय, गेला. थांबतोय होय तुमच्यासाठी?"

मामाला त्या माशाचं नाव ठाऊक असणार. त्याने सांगितलं नाही. पुन्हा ती आत, पुन्हा वर. "खेकडा. घर पाठीवर घेऊन चाललाय, मरगळलेला. तुम्हीच."

"मग?"

वाळूवर बसल्या बसल्या मी घड्याळ लावलं होतं. बाराव्या मिनिटाला मामाचा हात आपोआप तिला वर उचलायला लागला. मामीने डोकं बाहेर न काढता, पाण्यातल्या पाण्यात त्याच्या हातावर चापट मारली. हात खाली गेला. मामाने दमलेला खांदा सैल सोडला, दुसऱ्या हाताने सूट धरला आणि उभा राहिला.