दारयवउशाचं मराठी

पुण्याहून संस्कृतात एम.ए. करून सुप्रभा जपानात निशी-कसाईला आली, तेव्हा तिथे बाजारात मेथी नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. नवरा हेमचंद्र ऑफिसला गेला की दिवस अंगावर येई. वॉर्डाच्या सभागृहात दर शनिवारी कुराता नावाचे निवृत्त प्राध्यापक इराणच्या कड्यावर कोरलेला सम्राट दारयवउशाचा प्राचीन फारसीतला लेख शिकवतात असं कळलं, आणि ती सहज जाऊन बसली.

कुरातांनी, सगळे त्यांना सेन्सेई म्हणजे गुरुजी म्हणत, पहिलाच शब्द वाचला, ‘अदम्’. म्हणजे मी. सुप्रभा नकळत म्हणाली, “आमच्याकडे अहम्.” म्हातारा थांबला. पुढे ‘पिता’ तर जसाच्या तसा निघाला. या भाषेत सारी हयात गेली, पण ती कुणाच्या तरी घरची आहे असं आज वाटलं, असं ते म्हणाले. त्यांनीच तिला तो लेख मराठीत आणायला लावला.

दोन हिवाळ्यांत अनुवाद झाला. सेन्सेईंना तो ऐकायचा होता.

“पण तुम्हाला मराठी कळणार नाही,” ती म्हणाली.

“अर्थ मला पाठ आहे, सुप्रभा-सान. तुमच्या तोंडून ऐकायचाय.”

एकदा नीट हात फिरवते, असं सांगून तिने वेळ मारून नेली. खरं तर तिला पुण्यातल्या आपल्या संस्कृतच्या गुरुजींची धास्ती होती; त्यांनी तपासल्याशिवाय तो कुणापुढे वाचायला ती धजत नव्हती. चूक निघाली तर? सेन्सेई विचारत राहिले, ती पुढे ढकलत राहिली.

शहाण्णवच्या वसंतात त्यांना पक्षाघात झाला. उरायासुच्या इस्पितळात ती कागद घेऊन धावली. आता ते कुणाला ओळखत नाहीत, असं त्यांच्या पत्नीने दारातच हळू आवाजात सांगितलं. तरी सुप्रभा वाचायला बसली. ‘हा लेख तू वाचशील, तर लपवू नकोस, लोकांना सांग,’ या राजाच्या शब्दांपाशी ती अडखळली, मग पुढे वाचत राहिली. सेन्सेई शेवटपर्यंत खिडकीकडेच पाहत होते. त्यांना बरं वाटलं असेल, असं पत्नी म्हणाली. ते खोटं आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

पानगळीत सेन्सेई गेले. वर्षाने अनुवाद पुण्यात छापला गेला. गुरुजींनी एकही चूक काढली नाही, उलट चांगलाच झालाय म्हणाले.

सुप्रभाने एक प्रत कुरातांच्या घरी नेली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली आणि चहा करायला आत गेल्या. आता तरी चार ओळी वाचाव्यात, असं सुप्रभाच्या मनात आलं. पण पुस्तकाला हात लावायचा तिला धीर झाला नाही.